हुकेल नवरदेव

नागपूरच्या प्रताप नगरातल्या त्या कॉलनीत धुळवडीचा रंग सकाळी खेळायचे, पण लोक वाट पाहायचे ती संध्याकाळची. संध्याकाळी मधल्या मैदानात मांडव पडायचा, भोंगा लागायचा आणि महामूर्ख संमेलन भरायचं. कॉलनीतल्या निवडक मंडळींना मूर्खपणाचे किताब मिळायचे. गळ्यात वांग्यांची माळ, डोक्यावर फुटकं टोपलं, हातात खराटा, आणि मग भोंग्यावरून घोषणा. ज्याला किताब मिळाला तो आठवडाभर मिरवायचा. ज्याला नाही मिळाला त्याची बायको रुसायची, "आमच्या याईच्यात काय कमी हाय म्हंते मी?"

किताब ठरवायचे दोघंच. बाबनराव धकाते आणि मोतीराम पराते. दोघंही मूळचे उमरेडचे, एका गल्लीतले. दोघांच्याही घरात एके काळी माग होते आणि दोघांनीही ते बंद पडताना पाहिले होते. मोतीराम वीज मंडळात लागला, बाबनराव एसटीत कंडक्टर. बाबनराव रिटायर झाल्यावर मोतीरामानंच त्यांच्या मुलाला, चेतनला, या कॉलनीतला फ्लॅट दाखवला होता. "तुह्या बाबाले आमच्याजवळ आन, दोघं बुढे संग राहू," म्हणाला होता. तेव्हापासून संध्याकाळचा चहा मोतीरामाच्या पोर्चमध्ये, हे ठरलेलं.

किताबांचं डोकं बाबनरावांचं. एसटीच्या दारात उभं राहून ज्यानं जन्म काढला त्याला दोन गोष्टी कळतात, असं ते म्हणायचे: कोणाला कुठं उतरायचंय आणि कोण किती येडा आहे. भैताड म्हणजे आधी गाडीत चढणारा आणि मग पाटी वाचणारा. मन साफ, नुसती घाई. बह्याड म्हणजे ज्याला पाटी वाचून दाखवली, हात धरून सांगितलं, तरी जो त्याच गाडीत जाऊन बसतो. बावळट हे फक्त दिसण्यावरून. गुंडी खालीवर, तोंड उघडं, पण आतून माणूस चांगला हुशार असू शकतो. दीडशहाणा ड्रायव्हरलाच रस्ता सांगतो. आणि हुकेल म्हणजे कालपर्यंत बरा होता, आज अचानक कुठंतरी सटकला. ही नावं तोंडावर द्यावीत, देणाराही हसतो आणि घेणाराही. 'मठ्ठ' मात्र ते कोणाला म्हणू देत नसत. "समजत नाही हा काही त्याचा गुन्हा हाय का?" आणि 'भोळा' हा शब्द तर त्यांनी संमेलनात कधी येऊच दिला नव्हता.

मागच्या वर्षी यावरून दोघांची थोडी बाचाबाची झाली होती. कॉलनीतल्या पोट्ट्यांनी जिजाबाई नावाच्या म्हातारीला सांगितलं होतं की टीव्हीवाले तुमच्या हातच्या पाटवडीचं शूटिंग घ्यायला येणार आहेत. जिजाबाई लुगडं नेसून, सगळ्या बिल्डिंगला पुरेल एवढा रस्सा करून दारात बसून राहिली. मोतीराम म्हणाला, "जिजाबाईले 'भोळी भवानी' देऊ. जमते का नाही?"

"नाही जमत," बाबनराव म्हणाले.

"काहून?"

"तिनं कोनता मूर्खपना केला? लोकाईनं सांगतलं ते खरं मानलं. खोटं बोलनारे राहिले बाजूले अन किताब तिले? असं नाही होत गा."

"तू बी ना, फारच बारीक कातते," मोतीराम म्हणाला. पण त्यानं ते नाव सोडून दिलं होतं.

बाबनरावांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्या लग्नाचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता, असं नाही; शिवला की ते रेडिओ लावायचे. पण या हिवाळ्यात मोतीरामाच्या नातवाचं बारसं झालं. त्याला उमरेडहून वच्छलाबाईंची, म्हणजे मोतीरामाच्या बायकोची, मावसबहीण आली. उत्तराबाई निपाने. अंगणवाडीत जन्मभर पोरं सांभाळून नुकत्याच मोकळ्या झालेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावाकडे राहत होत्या. बाबनराव पंगतीत वाढत होते. एका पोरानं पाण्याचा जग उलटा केला तसे ते ओरडले, "अबे भैताड!"

"भैताड नाही हो तो," उत्तराबाई मागून म्हणाल्या. "मी कवाची पाहून राहिली. मुद्दाम केलं त्यानं. हा बदमाश हाय."

बाबनराव वळले. एवढ्या नेमकेपणानं शब्द दुरुस्त करणारं माणूस त्यांना कधी भेटलं नव्हतं. मग जेवणं उरकल्यावर दोघं खरकट्या पत्रावळींच्या ढिगाजवळ उभं राहून बराच वेळ बोलत होते. वच्छलाबाईंनी त्यांच्या किताबांची गोष्ट काढली तेव्हा उत्तराबाईंनी विचारलं, "मूर्खाईसाठी तुमच्यापाशी इतके शब्द. शहान्यासाठी किती हाय?"

बाबनराव विचारात पडले. "शहाना म्हनलं का ते बी शिवीच वाटते," ते शेवटी म्हणाले.

उत्तराबाई हसल्या. पदर तोंडावर न घेता, मोकळ्या. ते हसू बाबनरावांच्या कानात घरी येईपर्यंत राहिलं, आणि दुसऱ्या दिवशीही रेडिओ लावावासा वाटला नाही.

वच्छलाबाईंच्या नजरेतून काही सुटलं नाही. त्यांनीच मोतीरामाला सांगितलं, मोतीरामानं बाबनरावांना छेडलं, बाबनरावांनी आधी नाही नाही केलं आणि मग मान खाली घालून "इचारून पाहा" म्हटलं. फोन नंबर घ्यायला दोघंही लाजले. निरोप जायचे ते मोतीरामाच्या मार्फत. उमरेडहून निरोप आला: रविवारी सकाळी या, मी स्टँडवर येते, तिथून भावाकडे जाऊ, तो भेटू म्हणतो. बाबनरावांनी घरात काही सांगितलं नाही. आधी काही ठरू दे, मग सांगू.

त्या रविवारी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, संत्राबर्फीचा डबा घेऊन उमरेडच्या गाडीत बसले. आणि संध्याकाळी तोच डबा घेऊन परत आले. उत्तराबाई आल्या नव्हत्या.

ते घरी गेले नाहीत, सरळ मोतीरामाकडे गेले. वच्छलाबाई लेकीकडे गेल्या होत्या. पोर्चमध्ये दोघंच होते. बाबनरावांनी सगळं सांगितलं, माणूस एकालाच सांगतो तसं. स्टँडवरच्या बाकावर बसून ते एक वाक्य घोकत होते, "घर लहान हाय, पन मानसं चांगली हाय." गावातून रिक्षा येताना दिसली की ते उठून उभे राहायचे. ओळखीचा कंडक्टर आला तसे ते रसवंतीच्या मागे लपले, तरी त्यानं पाहिलंच. "साहेब, इकडं कसे?" विचारलं तर यांनी सांगितलं, "टाईमटेबल तपासाले आलो." रिटायर माणूस! हे सांगताना बाबनराव स्वतःच हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

मोतीराम त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. "जाऊ दे गा," तो म्हणाला. "नाही म्हनाचं असन तिले. तोंडानं कसं म्हनन? बायामानसाईचं असंच असते."

"पन मोतीराम, हे कोनाले..."

"अबे, मी कोनाले सांगतो?"

बाबनरावांनी नकार पचवला. नकार दिलेल्या बाईला काय म्हणून कारण विचारायचं? त्यांना राग नव्हता. त्यांनी स्वतःला मनातल्या मनात 'भैताड' म्हटलं, पाटी न वाचता चढलो म्हणून, आणि विषय मिटवला.

फाल्गुन लागला. दरवर्षीसारखे किताब ठरले, पण मोतीरामाचं लक्ष लागत नव्हतं. "यंदा पोट्टे नाटक बसवून राहिले," तो म्हणाला. "आपल्याले बी सांगून नाही राहिले लेकाचे."

"बरं हाय. आपन बी एखादं वर्ष नुसतं पाहू."

धुळवडीच्या संध्याकाळी मैदान गच्च भरलं. बाबनराव पहिल्या रांगेत, शेजारी मोतीराम. मागच्या रांगेत चेतन आणि त्याची बायको हर्षा. किताब वाटून झाले आणि नाटक सुरू झालं. पडदा म्हणून लावलेल्या चादरीमागून प्रीतम आला. बँकेत नोकरीला असलेला, कॉलनीतला सगळ्यात गमत्या पोरगा. कापसाच्या मिशा, खांद्यावर कंडक्टरची चामडी बॅग, हातात मिठाईचा डबा. त्यानं एक बाक ओढलं, रुमालानं झटकलं आणि प्रेक्षकांकडे तोंड करून बसला.

"घर लहान हाय," तो घोकू लागला, "पन मानसं चांगली हाय. घर चांगलं हाय, पन मानसं लहान हाय. हात् बे!"

हशा उसळला. बाबनरावही हसले. पहिल्या क्षणी त्यांना वाटलं, हे वाक्य कुठंतरी ऐकलंय. दुसऱ्या क्षणी कळलं.

स्टेजवर रिक्षाचा भोंगा वाजला आणि प्रीतम ताडकन उठून उभा राहिला. बसला. पुन्हा वाजला, पुन्हा उठला. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, हे तं धकाते काका!" माना वळू लागल्या. बाबनरावांनी चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं. इतकी वर्षं आपण लोकांना टोपली घातली, एकदा आपल्या डोक्यावर आली तर रडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पोट्ट्यांना मोतीरामानंच सांगितलं होतं. त्यांनी हेही गिळायचं ठरवलं. चहाच्या वेळी तोंडातून गेलं असेल, पोट्ट्यांनी उचललं असेल.

मग स्टेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात साडी नेसलेला एक पोरगा आला. कानाला फोन. "भाऊजी! मी उमरेडची अंगनवाडीवाली बोलून राहिली. सकाळीच माही वयनी पडली, तिले घेऊन मी नागपूरले दवाखान्यात आली. त्याईले सांगजा, उमरेडले नोका जाऊ. इकडंच या म्हनाव, मी इथंच हाय."

समोर धोतर नेसलेला तिसरा पोरगा, फोनवर. "सांगतो ना! आत्ताच्या आत्ता सांगतो!" त्यानं फोन खिशात टाकला, प्रेक्षकांकडे पाहून डोळा मारला आणि म्हणाला, "बसू द्या बुढ्याले थोडा वेळ. उमरेडची हवा चांगली राहते."

मैदान हसून हसून लोळलं. आणि बाबनराव हसायचे थांबले.

हे त्यांनी मोतीरामाला सांगितलं नव्हतं. हे त्यांना माहीतच नव्हतं. पोरांनी रचलं असेल? पण पडलेली वहिनी, नागपूरचा दवाखाना, इतकं नेमकं कोण रचतं? त्यांनी मान वळवून शेजारी पाहिलं. सगळं मैदान स्टेजकडे पाहत होतं. मोतीराम एकटा आपल्या चपलांकडे पाहत होता.

भोंग्यावरून घोषणा झाली. "यंदाचा खास किताब! ज्याईनं आजपर्यंत सगळ्याईले किताब दिले, त्याईले आमच्यातर्फे! हुकेल नवरदेव, श्रीमान बाबनराव धकाते!"

टाळ्या पडल्या. ते उठले. पायऱ्या चढले. वांग्यांची माळ गळ्यात पडली, टोपली डोक्यावर आली. प्रीतमनं वाकून नमस्कार केला, "काका, राग नाही ना आला?" आणि माईक पुढे धरला. दरवर्षी किताबवाल्यानं दोन शब्द बोलायचे असतात. बाबनरावांनी माईक हातात घेतला आणि पहिल्या रांगेकडे पाहून विचारलं, "मोतीराम, फोन आला होता का गा?"

पुन्हा हशा. लोकांना वाटलं, म्हातारा नाटकच पुढे चालवतोय. मोतीरामानंही हसल्यासारखं केलं आणि हात हलवला. बाबनराव उत्तराची वाट पाहत तसेच उभे राहिले. हशा हळूहळू ओसरला, मग कोणीतरी खोकलं, मग प्रीतमनं घाईनं माईक घेतला आणि गाणं लावायला सांगितलं.

घरी आल्यावर चेतन कितीतरी वेळ बुटांची लेस सोडत बसला होता. हर्षानं पाणी दिलं. "बाबा, तुम्ही भोळे आहात हो," ती हळूच म्हणाली. तिनं तो शब्द चांगल्या अर्थानं वापरला होता, तरी तो बाबनरावांना पाठीत बसला.

"खरं हाय ते?" चेतननं वर न पाहता विचारलं.

"गेलो होतो. हो."

"अन मले नाही सांगतलं. मोतीरामकाकाले सांगतलं. मी गाडीनं सोडून दिलं असतं तुमाले, बाबा. त्या बाकावर तुमच्यासंग बसलो असतो. मी नाही म्हनलं असतं असं वाटलं का तुमाले?"

मुलाशी बोलायची गोष्ट बाबनरावांनी मित्राशी बोलली होती, कारण मित्र अधिक जवळचा वाटला होता. एवढंच होतं, आणि तेवढं सांगणं अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोतीरामाच्या पोर्चमध्ये गेले. चपला काढल्या नाहीत. मोतीराम पेपर घेऊन बसला होता.

"ये गा, बस. वच्छला, चहा मांड वं."

"फोन आला होता का?"

"अबे, काल तं मजा..."

"मोतीराम. आला होता का?"

मोतीरामानं पेपरची घडी केली, पुन्हा उलगडली. "आला होता."

"कवा?"

"तू गाडीत होता. सकाळीच."

"मंग?"

"मंग काय. मले वाटलं, थोडी गंमत करू. घंटाभर बसू देऊ, मंग फोन करून सांगू, ये वापस म्हनून. मंग पावने आले, राहून गेलं. अन सांजच्याले तू आला तं तुहं तोंड पाहून माही हिंमतच नाही झाली. कसं सांगू मी तुले, सांग. रडून राहिला होता तू."

बाबनराव ऐकत होते. इतपत त्यांना समजत होतं. इतक्यापुरता शब्दही होता त्यांच्यापाशी, आणि तो फार वाईट नव्हता. त्यांचा एक हात खुर्चीच्या पाठीवर गेला. क्षणभर वाटलं, बसावं. तेवढ्यात वच्छलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. काल नाटक त्यांनीही पाहिलं होतं आणि डोळे सुजलेले होते.

"पुढचं बी सांगा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"तू आत जाय."

"मी काहून जाऊ? बाबनभाऊ, उत्तरानं दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला होता याईले. मले ते काल रात्रीच कळलं, मी तिले फोन लावला तवा. तवापर्यंत मले बी हेच सांगत होते, उत्तरानं नाही म्हनलं, तिले काही इचारू नोको. हे तिले काय म्हनले माहीत हाय? म्हनले, बाबनचा पोरगा नाही म्हनते. बाबननं माघार घेतली. तुमी आता हा विषय काढू नका, त्याले लाज वाटते."

बाबनरावांनी मोतीरामाकडे पाहिलं. आता त्यात गंमत कुठंच नव्हती. घंटाभराचीही नाही, आणि पाहुण्यांची सबबही नाही. विचार करून बोललेलं खोटं होतं, तेही चेतनच्या नावावर.

"काहून गा?" ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मोतीरामाला ऐकायला पुढे वाकावं लागलं.

मोतीराम एकदम भडकला. "तं काय करू? तू गेला असता! तिचा भाऊ म्हने, उमरेडलेच राहा, घर रिकामं हाय. मले माहीत होतं ते. तू तिकडं गेला असता अन मी इथं या पोर्चमधी कोनासंग बसलो असतो? पोरगा बोलत नाही, सून बोलत नाही, हिचे गुडघे दुखतात. तू एक होता. तू तं एका बारशात तिचा झाला!"

"मंग मले म्हनाचं होतं. नोको जाऊ म्हनाचं होतं."

"ऐकलं असतं तू?"

"नसतं ऐकलं," बाबनराव म्हणाले. "पन रोज आलो असतो फोनवर. अन नाटक? तं नाटक काहून केलं?"

पोट्टे म्हनले काही विषय द्या, सुचलं ते सांगितलं, लोक हसतील वाटलं, असं काहीबाही मोतीराम बोलत राहिला. फोनची गोष्ट त्यानंच सांगितली होती, कारण तीच सगळ्यात जास्त हसवणारी होती. सांगताना पोरं इतकी हसली, की बाबन पहिल्या रांगेत बसणार आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बाबनराव ऐकता ऐकता वळले आणि पायऱ्या उतरले. मागून वच्छलाबाईंच्या रडण्याचा आवाज येत होता. त्यांच्यासाठी ते थांबले, म्हणाले, "वयनी, तुमचा काही दोष नाही," आणि निघाले.

घरी येऊन त्यांनी चेतनला सगळं सांगितलं, या वेळी त्यालाच आधी. चेतननं गाडीची किल्ली उचलली. बाबनराव म्हणाले, "नाही रे. मी एसटीनंच जातो. एकट्याले जाऊ दे."

उत्तराबाईंचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात त्या कुरड्या वाळत घालत होत्या. भाऊ ओट्यावर होता. त्यानं बाबनरावांकडे पाहिलं, रामराम केला नाही, आणि उठून आत गेला. वच्छलाबाईंचा फोन आला होता, त्यामुळे सांगण्यासारखं फारसं राहिलं नव्हतं. पण नाटकही पोचलं होतं. कोणीतरी मोबाईलवर काढलेलं, उमरेडात या घरातून त्या घरात फिरत होतं.

"त्या दिवशी लय वेळ बसले का तुमी?" उत्तराबाईंनी विचारलं.

"बसलो. सांज झाली."

"मी बी. दवाखान्याच्या पायऱ्यावर. कोनी लिफ्टमधून निघालं का पाहो. म्हटलं, निरोप भेटला तं येतीन." त्यांनी कुरडईचं एक चुकार टोक बोटानं सरळ केलं. "मंग दुसऱ्या दिवशी मी भाऊजीले फोन केला, तं ते तसं म्हनले. मी म्हटलं, बरं. पोराचं मन मोडून कोन येईन. मले उलट बरं वाटलं तुमच्याबद्दल. खोटं होतं ते, तरी बरं वाटलं होतं."

बाबनरावांनी घोकलेलं एकही वाक्य आठवत नव्हतं. "मी तुमाले एक फोन कराले पाहिजे होता," ते म्हणाले.

"येडेच तुमी," उत्तराबाई म्हणाल्या.

बाबनरावांना या शब्दाच्या सगळ्या तऱ्हा पाठ होत्या. कोणी हसून म्हणतं, कोणी चिडून, कोणी कीव करून. ही तऱ्हा त्यांची बायको गेल्यापासून त्यांच्या वाट्याला आली नव्हती. त्यांनी मान वर केली, आणि तेवढ्या एका क्षणात त्यांना वाटून गेलं की सगळं अजून जुळेल.

"पन आता नाही," त्या पुढे म्हणाल्या. "राग नोका मानू. दादानं ते पाहलं, दादाच्या पोराईनं पाहलं. मी अंगनवाडीत शिकवलेले पोट्टे, आता बाप झाले, ते सकाळपासून चौकात म्हनतात, बाई, भाऊजीले फोन लावा. जन्मभर मी इथं मान वर करून राहिली. तुमी आले का लोकाईले पुन्हा आठवते. रोज आठवीन."

"थोडे दिवस जाऊ दिले तं?"

त्यांनी मान हलवली. मग आत जाऊन चहा आणला, स्वतः समोर बसून त्यांना प्यायला लावला, कप घेतला. "काहून केलं असन हो त्याईनं असं?" त्यांनी विचारलं.

"मी इकडं येईन म्हनून. त्याच्यापाशी कोनी नाही राहनार म्हनून."

"म्हंजे मायेनं केलं म्हनाचं का?"

बाबनरावांनी खूप विचार केला. मोतीरामाचं पोर्च, त्याचा गुडघ्यावरचा हात, "मी कोनाले सांगतो" म्हणतानाचा त्याचा चेहरा, सगळं त्यांनी पुन्हा पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "माया असती तं त्या संध्याकाळी सांगतलं असतं."

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. कंडक्टर नवीन होता, त्यानं त्यांना ओळखलं नाही, याचं त्यांना बरं वाटलं. बाहेर पळस फुलला होता आणि कोळशाचे ट्रक एकामागून एक धूळ उडवत चालले होते. कुहीच्या फाट्यापाशी खिशातला फोन वाजला. मोतीराम. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला.

"बाबूजी, फोन तुमचा," शेजारी बसलेली बाई म्हणाली.

"माहीत हाय," बाबनराव म्हणाले, आणि फोन वाजत राहिला तसाच त्यांनी मुठीत धरून ठेवला.